अनियतता आणि उत्तरदायित्व : पुंजयामिकीच्या उसन्या शब्दांविषयी

१

विज्ञानातील संज्ञा साहित्यसमीक्षेत येणे ही नवी गोष्ट नाही. उत्क्रांती, ऊर्जा, ध्रुवीकरण, सापेक्षता हे शब्द मराठी समीक्षेत इतके रुळले आहेत की त्यांचा उगम शोधण्याची गरज आज कोणाला भासत नाही. ती भासू नये हेही योग्यच आहे. कारण या शब्दांनी समीक्षेत राहून स्वतःचा निराळा अर्थ मिळवला आहे, आणि तो अर्थ मूळ शास्त्राच्या आधारावाचून उभा राहू शकतो. पुंजयामिकी किंवा क्वांटम मेकॅनिक्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शास्त्रातील संज्ञांची गोष्ट मात्र वेगळी आहे. अनिश्चितता, निरीक्षक, पूरकता, अध्यारोपण हे शब्द समीक्षेत येतात ते साक्षीदार म्हणून येतात. एरवी वादग्रस्त ठरले असते असे एखादे विधान करायचे आणि त्याच्या पाठीशी भौतिकीची साक्ष उभी करायची, अशी ही रीत आहे.

या रीतीची दोन विधाने नमुन्यादाखल घेता येतील. पहिले असे : निरीक्षणामुळे निरीक्षित वस्तू बदलते हे भौतिकीनेच दाखवून दिले आहे; म्हणून वाचकावाचून संहितेला अर्थ नसतो. दुसरे असे : अनिश्चितता हा सृष्टीचाच नियम आहे, म्हणून माणसाच्या कृतीविषयी, तिच्या हेतूविषयी अंतिम निवाडा करता येत नाही. या दोन्ही विधानांचे उत्तरार्ध स्वतंत्रपणे खरे असतील किंवा नसतील. प्रस्तुत लेखाचा विषय त्यांच्या मध्ये बसलेला 'म्हणून' हा शब्द आहे.

हा प्रश्न केवळ तर्कशुद्धतेचा नाही, तो नैतिकही आहे. जे शास्त्र आपण अभ्यासलेले नाही त्याच्या अधिकाराने बोलणे हा वाचकाच्या विश्वासाशी केलेला व्यवहार असतो, आणि त्या व्यवहारात सचोटीचा प्रश्न येतोच. दुसऱ्या विधानात तर याहून गंभीर गोष्ट घडते. तेथे अणूच्या वर्तनाचा दाखला देऊन माणसाला जबाबदारीतून मोकळे केले जाते.

१९९६ मध्ये अ‍ॅलन सोकल या अमेरिकन भौतिकीतज्ज्ञाने 'सोशल टेक्स्ट' या सांस्कृतिक अभ्यासाच्या नियतकालिकात पुंज-गुरुत्वाकर्षणाच्या अर्थनिर्णयनाविषयीचा एक जडजंबाल लेख प्रसिद्ध करवून घेतला, आणि लगेच दुसऱ्या एका नियतकालिकात तो लेख हे मुद्दाम रचलेले विडंबन असल्याचे जाहीर केले. या प्रकरणाची चर्चा पुष्कळ झाली. तिचे पर्यवसान बहुधा दोन टोकांत झाले : समीक्षकांनी विज्ञानाच्या वाटेला जाऊच नये, असे एका बाजूने म्हटले गेले, आणि सोकल यांनी केली ती लबाडी होती, सबब तिच्याकडे लक्ष देऊ नये, असे दुसऱ्या बाजूने. दोन्ही भूमिका आळशी आहेत. ज्या संज्ञांनी विसाव्या शतकाचे विचारविश्व हलवून सोडले त्यांच्याकडे साहित्याच्या अभ्यासकाने पाठ फिरवावी हे काही शोभणारे नाही. पण पाहायचे तर नीट पाहिले पाहिजे. म्हणून आधी त्या संज्ञा मूळ ठिकाणी काय सांगतात ते पाहू.

२

प्रारंभ नावापासूनच करावा लागतो. 'पुंज' हा शब्द मराठी वाचकाची थोडी दिशाभूल करणारा आहे. तेजःपुंज म्हटले की आपल्याला रास, समृद्धी, विपुलता जाणवते. मूळ लॅटिन 'क्वांटम' या शब्दाचा अर्थ मात्र केवळ 'किती' असा आहे. १४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिनमध्ये माक्स प्लांक यांनी तापलेल्या पदार्थातून बाहेर पडणाऱ्या प्रारणाचे जे स्पष्टीकरण मांडले, त्याचा गाभा असा होता की ऊर्जेची देवघेव हव्या त्या प्रमाणात होत नाही. ती ठरावीक वाट्यांनीच होते. तेल मापात हवे तेवढे ओतता येते, नाणी मात्र एकेक मोजून द्यावी लागतात. रुपयाहून लहान नाणे चलनात नसेल तर साडेतीन रुपये देता येत नाहीत. ऊर्जेचा असा एकेक अविभाज्य वाटा म्हणजे पुंज. हा वाटा किती लहान, हे एका स्थिरांकावर अवलंबून असते. ज्यूल-सेकंद या एककात प्लांकचा स्थिरांक लिहायचा तर दशांशचिन्हानंतर ३३ शून्ये देऊन मग ६६२६ हे आकडे लिहावे लागतील. ही संख्या शून्य नाही, यातच पुढची सगळी कथा सामावलेली आहे. आणि ती इतकी लहान आहे, यात त्या कथेची मर्यादाही सामावलेली आहे.

१९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी प्रकाशही अशा वाट्यांनी शोषला जातो असे मानून धातूवर पडणाऱ्या प्रकाशामुळे इलेक्ट्रॉन बाहेर का पडतात ते सांगितले. १९१३ मध्ये नील्स बोर यांनी अणूतील इलेक्ट्रॉनला ठरावीक ऊर्जापातळ्यांचीच मुभा आहे असे मांडले. १९२४ मध्ये लुई द ब्रॉय यांनी उलट दिशेने विचार करून, कण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या द्रव्यालाही तरंगलांबी असली पाहिजे असे सुचवले. १९२५ व १९२६ या दोन वर्षांत हायझेनबर्ग आणि श्रोडिंगर यांनी दोन वेगवेगळ्या गणिती वाटांनी या सुट्या कल्पनांना सिद्धान्ताचे रूप दिले, आणि त्या दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात हेही लवकरच स्पष्ट झाले.

या सिद्धान्ताचे वेगळेपण एका प्रयोगातून सर्वांत चांगले कळते. इलेक्ट्रॉनांच्या स्रोतापुढे दोन वाटा ठेवल्या आणि पलीकडे इलेक्ट्रॉन जेथे आदळतो तेथे ठिपका उमटेल असा पडदा ठेवला. स्रोत इतका मंद करायचा की एका वेळी यंत्रात एकच इलेक्ट्रॉन असावा. १९८९ मध्ये अकिरा तोनोमुरा आणि त्यांचे सहकारी यांनी जपानमध्ये हा प्रयोग करून त्याची चित्रे प्रसिद्ध केली. पहिले दहा, शंभर ठिपके पाहिले तर ते कोठेही, कसेही पडलेले दिसतात. हजारो ठिपके साचले की मात्र पडद्यावर दाट आणि विरळ पट्टे स्पष्ट उमटू लागतात. असे पट्टे एकमेकांत मिसळणाऱ्या लाटांमुळेच उमटू शकतात. प्रत्येक इलेक्ट्रॉन एका ठिकाणी, एकच ठिपका म्हणून सापडला. पण तो कोठे सापडण्याची शक्यता किती, हे मात्र दोन्ही वाटांनी मिळून ठरवले. इलेक्ट्रॉन कोणत्या वाटेने गेला याची नोंद होईल अशी व्यवस्था केली की पट्टे नाहीसे होतात.

माक्स बोर्न यांनी १९२६ मध्ये याचा अर्थ लावला. सिद्धान्तातील तरंग ही पाण्याच्या लाटेसारखी अवकाशात पसरलेली वस्तू नव्हे. विशिष्ट मापन केले असता विशिष्ट उत्तर मिळण्याची संभाव्यता तिच्यावरून काढता येते. मापनापूर्वीची अवस्था अनेक शक्य उत्तरांचे अध्यारोपण असते, म्हणजे त्या सर्वांचा एकत्र हिशेब ठेवणारी असते. येथे समीक्षकाने एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे, कारण उसनवारीत नेमकी तीच गळते. एकेक ठिपका अनियत आहे, पण पट्टे अनियत नाहीत. हाच प्रयोग व्हिएन्नात, पुण्यात किंवा टोकियोत केला तरी तेच पट्टे, त्याच अंतरांवर उमटतील. पुंजयामिकीने निश्चिततेचा त्याग केला असे म्हणणे अर्धसत्य आहे. निश्चितता कोठे आहे आणि कोठे नाही यांच्यामधील सीमारेषा तिने अभूतपूर्व काटेकोरपणे आखली, हे पूर्ण सत्याच्या अधिक जवळचे आहे.

३

१९२७ मध्ये हायझेनबर्ग यांनी मांडलेले तत्त्व आपण 'अनिश्चिततेचे तत्त्व' म्हणून ओळखतो. कणाचे स्थान आणि त्याचा संवेग, म्हणजे वस्तुमान व वेग यांचा गुणाकार, या दोहोंची अचूकता एकाच वेळी हवी तेवढी वाढवता येत नाही. एकीकडे जे कमवावे ते दुसरीकडे गमवावे लागते, आणि या देवघेवीची किमान मर्यादा प्लांकचा स्थिरांक ठरवून देतो.

या तत्त्वाच्या नावातच भाषेच्या अभ्यासकाला काम आहे. हायझेनबर्ग यांच्या मूळ जर्मन निबंधात यासाठी एकच शब्द नाही. अचूकतेचा अभाव सांगणारा एक शब्द तेथे आहे आणि निर्धारितपणाचा अभाव सांगणारा दुसराही आहे. पुढे इंग्रजीत 'अन्सर्टन्टी' हा शब्द रूढ झाला आणि त्यावरून मराठीत 'अनिश्चितता' आली. आता 'निश्चय' ही मराठीत मनाची गोष्ट आहे. निश्चय माणूस करतो, निश्चिती माणसाला होते. त्यामुळे अनिश्चितता म्हटले की आपल्याला जाणणाऱ्याची अडचण दिसते : वस्तू आपल्या जागी ठाम आहे, आपल्यालाच ती नीट कळत नाही. 'नियत' हा शब्द याउलट वस्तूकडे जातो. जे नियत नाही ते कोणाला कळत नाही म्हणून नव्हे, तर ते ठरलेलेच नाही म्हणून. अनिश्चितता आणि अनियतता हा भेद आपल्या भाषेला सहज करता येतो. आपण तो केला नाही एवढेच.

हा शाब्दिक काथ्याकूट नव्हे. स्वतः हायझेनबर्ग यांनी आपले तत्त्व समजावण्यासाठी एका काल्पनिक सूक्ष्मदर्शकाचा दृष्टान्त घेतला होता : इलेक्ट्रॉन पाहायचा तर त्यावर प्रकाश टाकावा लागतो, आणि प्रकाशाच्या धक्क्याने इलेक्ट्रॉनची गती बदलते. 'निरीक्षणाने वस्तू बदलते' हे लोकप्रिय वाक्य या दृष्टान्तातून आले आहे. पण त्यात असे गृहीत धरल्यासारखे होते की धक्का बसण्यापूर्वी इलेक्ट्रॉनला नेमके स्थान आणि नेमका संवेग होता. बोर यांनी या मांडणीवर तेव्हाच आक्षेप घेतला होता. त्यांच्या मते स्थान आणि संवेग या कल्पनांना अर्थ देणाऱ्या प्रयोगरचनाच परस्परांना वगळणाऱ्या आहेत. प्रश्न केवळ धक्क्याचा नसून संकल्पना कोठवर लागू पडते याचा आहे.

यातले कोणते खरे, हे केवळ चर्चेने सुटणारे वाटत नव्हते. १९३५ मध्ये आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांनी एकत्र जन्मलेल्या आणि मग दूर गेलेल्या दोन कणांचे उदाहरण घेऊन पुंजयामिकी अपूर्ण असल्याचा युक्तिवाद केला. सोप्या शब्दांत सांगायचे तर त्यांना असे वाटत होते की प्रत्येक कण आपल्या उत्तरांची चिठ्ठी खिशात घेऊनच निघत असला पाहिजे. आपल्याला ती वाचता येत नाही, एवढेच. १९६४ मध्ये जॉन बेल यांनी दाखवून दिले की अशा चिठ्ठ्या आधीच लिहिलेल्या असतील आणि एका ठिकाणच्या मापनाचा परिणाम दुसरीकडे तत्काळ पोहोचत नसेल, तर दोन्हीकडच्या उत्तरांच्या मेळाला एक कमाल मर्यादा पडते. पुंजयामिकीचे भाकीत ही मर्यादा ओलांडते. १९७२ पासून क्लाउझर, पुढे १९८२ मध्ये अस्पे आणि २०१५ मध्ये अधिक निर्दोष रचनांनी केलेल्या प्रयोगांत ती खरोखरच ओलांडली गेली. क्लाउझर, अस्पे आणि त्साइलिंगर यांना या कामासाठी २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. चिठ्ठीची ती साधी, समजूतदार कल्पना त्यामुळे टिकत नाही. चिठ्ठी ठेवायचीच असेल तर दूरच्या घटनांचा तत्काळ संबंध मान्य करावा लागतो. १९५२ मध्ये डेव्हिड बोम यांनी मांडलेल्या सिद्धान्तात तो मान्य केलेला आहे.

मर्यादेचेही भान ठेवले पाहिजे. इलेक्ट्रॉनला अणूएवढ्या जागेत कोंडले तर त्याच्या वेगातील किमान अनियतता सेकंदाला सुमारे ५८० किलोमीटर भरते. एक ग्रॅमच्या खड्याचे स्थान मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत ठाऊक असेल तर त्याच्या वेगातील अनियतता इतकी क्षुल्लक असते की विश्वाच्या आजवरच्या सुमारे १३८० कोटी वर्षांच्या आयुष्यातही तिच्यामुळे तो खडा मिलिमीटरचा हजारावा भागसुद्धा सरकणार नाही. माणूस आणि ग्रंथ खड्याहून मोठे आहेत. तेव्हा हायझेनबर्गचे तत्त्व माणसाच्या वर्तनाला किंवा संहितेच्या अर्थाला लागू पडते असे कोणी म्हटले, तर ते नियम म्हणून खरे असू शकत नाही. फार तर ते साम्य म्हणून खरे असेल. आणि साम्याचे नियम आपल्या शास्त्रात आहेत.

४

त्यांच्याकडे वळण्यापूर्वी 'निरीक्षक' या शब्दाचे पाहू. हा शब्द मराठीत येताच त्याला साक्षी, द्रष्टा या शब्दांची सोबत मिळते, आणि दृक्-दृश्य विवेकाची परंपरा असलेल्या भाषेत निरीक्षकाला चैतन्य चिकटायला वेळ लागत नाही. भौतिकीत मात्र निरीक्षकाचे काम छायाचित्राची काचही करू शकते. व्हिएन्ना येथे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ७० कार्बन अणूंचे रेणू घेतले होते. हे रेणूही इलेक्ट्रॉनप्रमाणे पट्टे उमटवतात. पण त्यांना लेसरने तापवत नेले की ते उष्णतेमुळे प्रकाश सोडू लागतात, आणि जसजसे तापमान वाढते तसतसे पट्टे पुसट होत जातात. तो प्रकाश कोणी पाहत नव्हते. रेणू कोठे आहे याची खूण भोवतालात गेली, एवढे पुरेसे होते. येथे पाहणारा कोणी नाही. केवळ ठसा आहे.

याचा अर्थ मापनाचे कोडे सुटले असा नाही. अनेक शक्यतांमधून एकच उत्तर का आणि कसे उरते, यावर आजही एकमत नाही. १९५७ मध्ये ह्यू एव्हरेट यांनी सर्वच उत्तरे वेगवेगळ्या शाखांत प्रत्यक्षात येतात अशी मांडणी केली. युजीन विग्नर यांनी १९६१ मध्ये जाणिवेला या प्रक्रियेत स्थान देऊन पाहिले. पुढे तेच त्या भूमिकेपासून दूर गेले. श्रोडिंगर यांचे १९३५ मधले मांजर, एकाच वेळी जिवंत आणि मृत, हे आज गूढतेचे प्रतीक म्हणून मिरवते. श्रोडिंगर यांनी मात्र ते हास्यास्पद उदाहरण म्हणूनच योजले होते. सिद्धान्ताचा अर्थ बेफिकिरीने लावला तर काय ओढवते हे त्यांना दाखवायचे होते. तेव्हा 'जाणीव वास्तव निर्माण करते हे भौतिकीने सिद्ध केले' असे म्हणणारा समीक्षक एका वादातील एक पक्ष, आणि तोही अल्पमतातला, निकाल म्हणून वाचून दाखवत असतो.

१४ जुलै १९३० रोजी बर्लिनजवळ कापुट येथील घरी आइन्स्टाइन आणि रवींद्रनाथ टागोर यांच्यात झालेला संवाद येथे आठवतो. सौंदर्य माणसावाचून संभवत नाही, हे दोघांनाही मान्य होते. सत्यही तसेच आहे असे टागोरांचे म्हणणे, तर सत्य मानवनिरपेक्ष आहे असे आइन्स्टाइन यांचे. महत्त्वाचे हे की, आपली बाजू सिद्ध करता येत नाही, ती आपली श्रद्धा आहे, हे आइन्स्टाइन यांनी मोकळेपणाने सांगून टाकले. त्या काळातील भौतिकीचा सर्वांत मोठा अधिकारी आपल्या तत्त्वज्ञानासाठी भौतिकीची साक्ष काढत नाही. आणि आपण, ज्यांना तो अधिकार नाही, ती पावलोपावली काढतो.

५

साम्याविषयी भारतीय साहित्यशास्त्राने पुरेसा विचार करून ठेवला आहे. उपमेची चार अंगे सांगितली जातात : उपमेय, उपमान, साधारणधर्म आणि वाचकशब्द. साधारणधर्म क्वचित अनुक्त असतो, पण तो नसतो असे नाही. विचारल्यास तो सांगता आला पाहिजे. रूपकात उपमेय आणि उपमान यांचा अभेद कल्पिला जातो, तरी तो कल्पिलेला आहे याचे भान कवीला आणि रसिकाला असते. एक वस्तू दुसरीच समजली गेली की भ्रान्तिमान होतो. पण भ्रम तेथे वर्णिलेल्या पात्राला होतो, कवीला नव्हे. समीक्षक पुंजयामिकीचे रूपक योजतो आणि स्वतःच त्या रूपकाला सिद्धान्त समजतो, तेव्हा भ्रम पात्राकडून लेखकाकडे सरकलेला असतो. त्याला अलंकार म्हणता येत नाही.

म्हणून परीक्षा सोपी आहे : साधारणधर्म सांगा. 'संहिता इलेक्ट्रॉनसारखी आहे' म्हणजे कोणत्या बाबतीत? 'वाचताना अर्थ बदलतो' एवढेच म्हणायचे असेल तर त्यासाठी इलेक्ट्रॉनची गरज नाही. ध्वनिविचाराने आणि आपल्याकडे १९८० नंतर रुजलेल्या वाचककेंद्री समीक्षेने ते अधिक बारकाईने सांगितले आहे. बोर यांच्या पूरकतेचा आधार घ्यायचा असेल तर दोन वाचने परस्परांना वगळणारी आहेत, आणि तरीही संहितेच्या पूर्ण ज्ञानासाठी दोन्ही आवश्यक आहेत, असे दाखवावे लागेल. ज्ञानेश्वरीचे उदाहरण घेऊ. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेली प्रत हाती घेऊन जुने रूप कोणते, नंतरचे कोणते असे विचारणारा अभ्यासक एका व्यवस्थेत वाचतो. पारायणाला बसलेला वारकरी दुसऱ्या व्यवस्थेत वाचतो. दोघांना मिळणारी उत्तरे वेगळी असतात, आणि एकाचे उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नाला लागू पडत नाही. येथवर साम्य खरे आहे. पण तोच माणूस सकाळी पाठभेद तपासून संध्याकाळी पारायण करू शकतो, आणि सकाळच्या कामाने संध्याकाळचे वाचन समृद्धही होऊ शकते. स्थान आणि संवेग यांच्या बाबतीत हे शक्य नाही. तेव्हा साम्य कोठे संपते तेही सांगितले पाहिजे, आणि ते सांगण्याने त्याची किंमत कमी होत नाही.

उरते ते साम्य मात्र मोलाचे आहे. बोर यांचा आग्रह असा होता की उत्तर सांगताना ते ज्या प्रयोगरचनेत मिळाले ती सांगितलीच पाहिजे. रचनेपासून तोडलेले उत्तर निरर्थक असते. समीक्षकाने आपला प्रश्न उघड करावा, आपण कोणत्या व्यवस्थेत वाचत आहोत ते सांगावे आणि त्या व्यवस्थेत मिळालेल्या उत्तराला बांधील राहावे, हा त्याचा वाङ्मयीन पर्याय होय. हे स्वैरतेचे समर्थन नाही. प्रश्न निवडण्याचे स्वातंत्र्य आहे, उत्तर निवडण्याचे नाही. पडद्यावर ठिपका जेथे पडतो तेथेच पडतो.

६

आता दुसरे विधान, हेतू आणि निवाडा यांचे. त्याची कसोटी घ्यायला हायझेनबर्ग यांच्याच आयुष्यातील घटना मिळते, आणि तिच्यावर एक समर्थ नाटकही आहे. सप्टेंबर १९४१ मध्ये हायझेनबर्ग जर्मनव्याप्त कोपनहेगनला गेले आणि आपले गुरुतुल्य स्नेही बोर यांना भेटले. ते त्या वेळी जर्मनीच्या अणुसंशोधनातील प्रमुखांपैकी होते. त्या भेटीत काय बोलणे झाले, ते कशासाठी गेले होते, याविषयी दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत, आणि मैत्रीला कायमचा तडा गेला. मायकेल फ्रेन यांच्या १९९८ मध्ये लंडनला रंगभूमीवर आलेल्या 'कोपनहेगन' या नाटकात बोर, त्यांच्या पत्नी मार्ग्रेथ आणि हायझेनबर्ग ही तीन पात्रे मृत्यूनंतर पुन्हा एकत्र येऊन ती भेट वेगवेगळ्या रीतींनी उभी करून पाहतात. कोणतीच आवृत्ती अखेरची ठरत नाही. अणूच्या अनिश्चिततेचे प्रतिबिंब हेतूच्या अनिश्चिततेत पाहणारे हे नाटक नाटक म्हणून फार प्रभावी आहे. पण त्याच्या आधाराने हायझेनबर्ग यांच्याविषयी निवाडाच संभवत नाही असा निष्कर्ष काढला जातो, तेव्हा आपण थांबून विचारले पाहिजे : ही अनिश्चितता आहे की अनियतता?

बरीचशी अनिश्चितताच आहे, आणि तीही अगदी सामान्य प्रकारची. साक्षीदार दोनच, नोंद नाही, मध्ये महायुद्ध आणि स्मृतीचे स्वार्थ. अशी अनिश्चितता पुराव्याने कमी होते, आणि ती थोडी झालीही. १९५७ मध्ये रॉबर्ट युंक यांच्या पुस्तकाच्या डॅनिश आवृत्तीत हायझेनबर्ग यांचा खुलासा वाचून बोर यांनी त्यांना उद्देशून पत्रांचे मसुदे लिहिले होते. ती पत्रे कधी पाठवली नाहीत. २००२ मध्ये नील्स बोर अभिलेखागाराने ते मसुदे खुले केले. हायझेनबर्ग यांच्या नेतृत्वाखाली जर्मनीत अण्वस्त्राच्या दिशेने सर्व प्रयत्न चालू आहेत असा आपला ठाम ग्रह त्या भेटीत झाला, असे बोर त्यांत सांगतात. हा एका पक्षाचा जबाब आहे, तेवढ्याने निकाल लागत नाही. पण पारडे हलते. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत असा मसुदा कोणत्याही अभिलेखागारातून कधी निघणार नाही. जेथे कागद सापडू शकतो तेथे हायझेनबर्गचे तत्त्व लावणे म्हणजे शोधण्याचे श्रम टाळणे होय.

आणि तरीही एक शंका उरते, ती प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. त्या रात्री कोपनहेगनला जाताना हायझेनबर्ग यांचा हेतू त्यांच्या स्वतःच्या मनातही ठरलेला नसेल तर? इशारा द्यायचा, माहिती काढायची, क्षमा मिळवायची, गुरूसमोर आपले थोरपण मिरवायचे, हे सारे अविभक्त असेल तर? माणसाच्या मनाची अशी अवस्था असते हे कादंबरीच्या वाचकाला सांगायला नको. येथे 'अनियत' हा शब्द अधिक योग्य ठरेल, मात्र उपमा म्हणून. पण उपमा घ्यायची तर पूर्ण घेऊ. पुंजयामिकीत अनियतता मापनापूर्वी असते. ठसा उमटल्यावर नसते. आणि जे आधी ठरलेले नव्हते ते त्या घटनेत ठरते, म्हणूनच ती घटना महत्त्वाची असते. हेतू आधी ठरलेला नसेल तर तो बोलण्यात ठरला, करण्यात ठरला. जे बोलले गेले त्याने एका माणसाच्या मनावर ठसा उमटवला, आणि तो ठसा वीस वर्षे पुसला गेला नाही. मनात काय होते हे सांगून त्या ठशाचे उत्तरदायित्व टाळता येत नाही. उलट मनात काही ठरलेले नव्हते असे म्हणणाऱ्यावर ते अधिकच येते. चिठ्ठी आधीच लिहिलेली असती तर माणूस म्हणू शकला असता की मी केवळ वाचून दाखवली. चिठ्ठी नव्हती, तर ते शब्द त्याने तेथे, त्या क्षणी रचले.

हा निष्कर्ष भौतिकीने सिद्ध केलेला नाही, हे पुन्हा सांगणे आवश्यक आहे. इलेक्ट्रॉन कशालाही उत्तरदायी नसतो. साधारणधर्म एवढाच की दोन्हीकडे आधी न ठरलेले घटनेत ठरते आणि त्याची खूण मागे राहते. पुढचा सारा भार नीतिविचाराने स्वतःच्या खांद्यावर घ्यायचा आहे. पण ज्यांनी पुंजयामिकीच्या नावाने निवाडा नाकारला, त्यांना त्या शास्त्रातून तसा आधार मिळत नाही, एवढे तरी यातून स्पष्ट व्हावे. निवाडा कठीण असणे आणि तो अशक्य असणे यांत अंतर आहे. ते अंतर राखणे हे समीक्षेचे काम आहे, आणि ते तिला आपल्याच शब्दांत करता येते.